टप्पा बाळाचा की घराचा?

"आई, यात लिहिलंय की या महिन्यात बाळाने आधाराशिवाय बसायला हवं. आपला अजून कलंडतोय."

"अगं, मूल काय घड्याळ लावून वाढतं? वेळ आली की बसेल. तुझा नवरा दीड वर्षाचा होईपर्यंत भिंत सोडत नव्हता. काही अडलं का त्याचं?"

सात महिन्यांच्या बाळाच्या घरी सून आणि सासूबाई यांच्यात हे बोलणं व्हायचंच. एकीच्या हातात मोबाइल, दुसरीच्या हातात वाळलेली दुपटी. वाद कुणालाच नको असतो, म्हणून बोलणं तिथेच थांबतं, पण प्रश्न मिटत नाही: बाळाच्या वाढीचे टप्पे मोजायचे की बाळावर सोडायचे? मला वाटतं, प्रश्न असा विचारला की दोघीही हरतात. बसणं, रांगणं, पहिला शब्द या गोष्टी एकट्या बाळाच्या नसतात; बाळ आणि त्याचं घर मिळून त्या घडवतात. हे ध्यानात घेतलं तर तक्ता कशासाठी वापरायचा आणि आजीच्या अनुभवाचं काय करायचं, या दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. पण आधी दोघींचं म्हणणं पुरतं ऐकून घ्यायला हवं, कारण पुरावा दोघींच्याही बाजूने आहे.

सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं समजलं जातं आणि ते तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांच्या हालचाली घरोघरी जाऊन नोंदवल्या आणि २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातली भारतीय मुलं दक्षिण दिल्लीतली होती. या अभ्यासाने कुठल्याही टप्प्याला एक ठरावीक महिना नेमून दिला नाही. त्याने प्रत्येक टप्प्याची एक खिडकी दाखवली, आणि ती चांगली रुंद निघाली. आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ महिन्यांना उघडते आणि ९.२ महिन्यांना मिटते. स्वतःच्या पायांनी चालण्याची खिडकी ८.२ पासून १७.६ महिन्यांपर्यंत उघडी राहते. म्हणजे एक निरोगी बाळ नवव्या महिन्यात चालू लागेल आणि तितकंच निरोगी दुसरं बाळ सतरावा महिना गाठेल. हातागुडघ्यांवर रांगणं तर ४.३ टक्के मुलांनी केलंच नाही. रांगल्यावाचूनच ती उभी राहिली आणि चालली. सात महिन्यांचं कलंडणारं बाळ या खिडकीत पुरतं आत आहे. सुनेची घाबरगुंडी उडते ती बाळामुळे नाही, तक्ता ज्या पद्धतीने बनतो त्यामुळे. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेच्या जुन्या यादीत बऱ्याच ठिकाणी निम्मी मुलं जे करू लागतात ते वय दिलेलं असे. साहजिकच धडधाकट मुलांतलीही निम्मी त्या दिवशी मागे पडलेली दिसत. २०२२ मध्ये ही यादी बदलली; चारांतली तीन मुलं ज्या वयाला एखादी गोष्ट करतात ते वय धरलं गेलं, आणि रांगणं यादीतून काढून टाकलं. फोनमधल्या अ‍ॅपने कुठली यादी उचलली आहे हे पाहिल्याशिवाय रात्रीची झोप घालवू नये.

"मग तक्ता फेकूनच द्यायचा का, आई? आणि खरंच कुठे काही अडलं असेल तर आपल्याला कळणार कधी?"

हा प्रश्न मात्र सासूबाईंनी झटकून टाकण्यासारखा नाही. सर्वांत कडक उदाहरण कानांचं आहे. जन्मतः ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, आईचा चेहरा पाहून हसतं, पाय झाडतं. घरातल्या कुणाला शंकाही येत नाही. दीड वर्षाने "हा अजून बोलत कसा नाही" असा विषय निघतो, तेव्हा "याचा काका पण उशिराच बोलला" हे उत्तर तयार असतं, आणि त्या एका वाक्यात आणखी वर्ष जातं. या गेलेल्या काळाची किंमत मोठी आहे, कारण कान पहिल्या वर्षातच भाषा निवडू लागतात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात दाखवलं की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतले त आणि ट वेगळे ओळखतात, आणि दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत बहुतेकांची ती ओळख ओसरते. मराठी घरातल्या बाळाच्या कानावर ळ आणि ल, ण आणि न रोज पडतात म्हणून तो फरक टिकतो. ज्याच्या कानावर काहीच पडत नाही त्याचं सगळंच निसटतं. म्हणूनच नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत एक, तीन, सहा असा हिशेब ठेवतात: महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय सुरू. कोलोरॅडोतल्या मुलांचा १९९८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा महिन्यांच्या आत दोष कळलेल्या मुलांची भाषा नंतर कळलेल्यांपेक्षा ठळकपणे सरस राहिली. थायरॉइडची जन्मजात कमतरता, मेंदूच्या इजेमुळे आखडणारे हातपाय यांचंही असंच आहे. वेळ आली की होईल, हे शंभरांतल्या बहुतेकांबाबत खरं ठरतं, आणि ज्यांच्याबाबत खोटं ठरतं त्यांच्याकडे घालवायला वेळच नसतो.

"हे सगळे तक्ते गोऱ्या मुलांचे. आपल्या मुलांना ते कसे लागू?" सासूबाईंची ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर अर्धशतकापूर्वी एका मराठी नावाच्या बाईंनी देऊन ठेवलं आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बाळांच्या मानसिक आणि हालचालींच्या वाढीचे मापदंड बसवले. त्यांचा अहवाल १९७० चा. त्यातून उभी राहिलेली मोजपट्टी बालविकासाच्या दवाखान्यांत डासी या नावाने वापरली जाते. तिरुवनंतपुरमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्या याच मापदंडांतून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी १७ गोष्टींचा एक छोटा तक्ता बेतला, जो अंगणवाडीतल्या ताईंनाही काही मिनिटांत वापरता येतो. फाटकांचं नाव मराठी घरांत माहीत नसावं याची मला खंत वाटते. आपल्या मुलांना आपल्याच मुलांशी ताडून पाहायची सोय त्यांनी करून दिली.

"आमच्या वेळी कुठे होते तक्ते? वाढलीच ना मुलं!" वाढली ती आज आपल्यासमोर आहेत, न वाढलेली या वाक्यात येत नाहीत. १९५१ च्या सुमारास देशात जन्मणाऱ्या दर हजार बाळांमागे सुमारे १४६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत; २०२० च्या नमुना नोंदणीत हा आकडा २८ होता. जगली पण मागे राहिली अशी मुलं माजघरात राहिली, लग्नकार्यात आतच बसवली गेली, आणि त्यांची गणती कुठेच झाली नाही. मात्र इथे सासूबाईंच्या पिढीला बाजूला सारून चालत नाही, हेही महाराष्ट्रानेच दाखवलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची पाहणी शिकवली: वजन करणं, श्वास मोजणं, बाळ नीट पितं का ते बघणं, नोंद ठेवणं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि १९९९ मध्ये हे काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्यावर जगाने त्याची दखल घेतली. आशाताई आज बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात, त्या योजनेचं मूळ या गावांत आहे. तिथे गावातल्या बाईची नजर आणि कागदावरचं मोजमाप एकाच हातात आलं. आपल्या घरात त्या दोन गोष्टी दोन बायकांमध्ये वाटल्या गेल्या आहेत आणि त्या एकमेकींशी अबोला धरून आहेत.

दोघींचं ऐकून घेतल्यावर मला दिसतं ते असं, की दोघीही नकळत एकच गोष्ट गृहीत धरतात: टप्पा बाळाच्या आतून येतो. सासूबाई तो येईपर्यंत थांबायला तयार आहेत, सून तो आला का हे तपासायला. ही समजूत जुनी आणि मातब्बर आहे. येल विद्यापीठातले आर्नल्ड गेझेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाळांच्या हालचालींचं चित्रीकरण करून वयवार क्रम लावला आणि वाढ ही आतल्या परिपक्वतेने उलगडते असं मांडलं. क्रमाबद्दल त्यांचं बरंच खरं होतं. पण १९७० च्या दशकात चार्ल्स सुपर यांनी केनियातल्या किपसिगिस लोकांची बाळं पाहिली, तेव्हा ती अमेरिकी बाळांच्या सुमारे महिनाभर आधी बसत आणि चालत होती. आफ्रिकी बाळं उपजतच चपळ, असं पूर्वी म्हटलं जाई. सुपर यांनी घरात डोकावून पाहिलं. त्या भाषेत बाळाला बसायला शिकवणं आणि चालायला शिकवणं यांसाठी वेगळे शब्द होते. आया जमिनीत उथळ खळगा करून, कापड अंथरून, पाठीला टेकू देऊन बाळाला रोज बसवत. जे शिकवलं जात नव्हतं, उदाहरणार्थ रांगणं, त्यात ही बाळं पुढे नव्हती. पाच-सहा महिन्यांचं बाळ बसतं तेव्हा त्या बसण्यात खळगा खणणाऱ्या हातांचाही वाटा असतो.

चालण्याचंही तसंच. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं, आणि दोनेक महिन्यांनी ते बंद होतं. मेंदू वाढला म्हणून ही क्रिया मिटली, असं पुस्तकांत होतं. एस्थर थेलन यांनी १९८४ मध्ये बाळांना पाण्यात उभं धरलं, आणि पावलं परत आली: पाय जड झाले होते, स्नायूंना ते पेलत नव्हते, इतकंच. पुढे न्यूयॉर्कमध्ये कॅरेन अ‍ॅडॉल्फ यांनी बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांना मोकळं सोडून मोजलं. ती तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. पहिल्या पावलाचा व्हिडिओ आपण जपून ठेवतो. चालणं मात्र या हजारो पावलांतून आणि पडण्यातून शिकलं जातं, आणि त्यासाठी मोकळी फरशी, उघडे तळवे आणि पडल्यावर किंचाळून न धावणारं माणूस लागतं. उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. अचानक बाळमृत्यू टाळण्यासाठी बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम १९९० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत निघाली आणि असे मृत्यू निम्म्यावर आले. त्याबरोबरच बाळं पालथी पडायला थोडा उशीर करू लागली, तरी खिडकीच्या आतच. झोपवण्याची सवय बदलली, टप्पा सरकला. म्हणूनच आता सांगतात की झोपवायचं उताणं, पण जागेपणी दिवसातून थोडं थोडं करून अर्धा तास तरी पालथं घालायचं.

आता आपल्या घरातलं पाहू. इथे सासूबाईंच्या हातात जे आहे त्याची किंमत त्यांना स्वतःलाही पुरती ठाऊक नसते. पाय पसरून पाटावर बसायचं, बाळाला नडग्यांवर आधी उताणं, मग पालथं घ्यायचं, कोमट तेल जिरवायचं, मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत हात ओढायचा, हात छातीवर आडवे घेऊन सोडायचे. या वीस मिनिटांत बाळ पालथं असताना मान उचलतं, पोटाचा भार सोसतं, कानाशी बोलणाऱ्या माणसाकडे वळतं. आणि करणाऱ्या बाईच्या तळव्यांना कळतं की डावा पाय उजव्यापेक्षा ताठ आहे, एक मूठ उघडतच नाही, मांड्या सारख्या फाकत नाहीत. डॉक्टर जे तपासतात त्यातलं बरंचसं इथे रोज तपासलं जातं. फक्त जे जाणवलं ते कुठे सांगायचं, हे ठाऊक नसतं. याच पाटाभोवती काही सोडून देण्याजोगंही आहे, आणि ते मी मऊ शब्दांत सांगणार नाही: नाकाकानात तेल घालू नये, धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांना नको, पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज घुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत कधीच नको.

पांगुळगाड्याची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. लाकडी पांगुळगाडा बाळ मागे उभं राहून ढकलतं. स्वतःचं वजन स्वतः पेलतं, पाय दिसतात, गाडा पुढे पळाला की बूड आपटतं आणि पुढच्या वेळी पकड बदलते. हल्लीच्या प्लास्टिकच्या चाकगाडीत बाळ झोळीत टांगलेलं असतं, बोटांच्या टोकांनी ढकलत सुसाट जातं आणि पाय दिसत नाहीत. अमेरिकेतल्या एका अभ्यासात अशा गाडीत ठेवलेली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा लागली. जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदीच घातली. दोन्हींना आपण बाळाला चालायला शिकवणारी वस्तू म्हणतो. एकीत बाळ काम करतं, दुसरीत ते गुंतवून ठेवलेलं असतं. पडद्याचंही हेच. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी बोलणारी माणसं बारा वेळा भेटवली, तेव्हा चिनी ध्वनी ओळखण्याची त्यांची क्षमता टिकली. तीच माणसं पडद्यावरून बोलली तेव्हा काहीच उरलं नाही. सिअ‍ॅटल किंवा दुबईतल्या मराठी घराने बडबडगीतांचे व्हिडिओ लावून भाषा जपू पाहणं म्हणूनच पुरत नाही. तळहातावर बोट फिरवत, बाळाच्या हसण्यासाठी थांबत, पुन्हा तेच म्हणणारं माणूस समोर हवं.

"म्हणजे बाळ मागे राहिलं तर दोष माझाच, असंच ना?" सून इथे विचारेल, आणि तिला विचारायचा अधिकार आहे, कारण आपल्याकडे बाळाच्या सर्दीपासून रंगापर्यंत सगळ्याचा जाब आईलाच द्यावा लागतो. माझं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असं आहे. जन्मतः ऐकू न येणं, मेंदूला झालेली इजा, गुणसूत्रांतला बदल हे कुणाच्या मालिशीने येत नाही आणि जातही नाही. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय तर मुळात अपेक्षित तारखेपासून मोजायला हवं. दोन महिने आधी आलेलं सात महिन्यांचं बाळ तक्त्याच्या दृष्टीने पाच महिन्यांचं असतं, हे न सांगितल्याने किती आया उगाच रडतात. घराचा वाटा आहे असं म्हणणं म्हणजे घराच्या हातात करण्यासारखं काही आहे असं म्हणणं. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये खुंटलेल्या वाढीच्या १२९ मुलांचा अभ्यास झाला; त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्यातून तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला बाळाशी खेळायला शिकवत. पोषण तेच, गरिबी तीच. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त निघाली. त्या आयांना कुणी दोष दिला नव्हता. कुणीतरी त्यांच्या शेजारी येऊन बसलं होतं.

"पण वेळ कुणाकडे आहे?" हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूतीची पगारी रजा २६ आठवडे झाली, पण ती ज्या नोकऱ्यांत लागू आहे त्या नोकऱ्याच थोड्या बायकांकडे आहेत. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं बाळ फडाच्या कडेला झोळीत असतं आणि शहरातल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईचं बाळ मोठ्या बहिणीच्या कडेवर. त्यांना दिवसातला अर्धा तास सांगणं सोपं आहे. इथे घर या शब्दाचा अर्थ रुंदावावा लागतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला वस्तीच्या अंगणात मुलं जमवून शिकवू लागल्या तेव्हा त्यांनी हेच केलं होतं; अंगणवाडी हा शब्दच तिथला. पण आजची अंगणवाडी सहा महिन्यांच्या बाळासाठी शिधा देते, बहुतेक ठिकाणी सांभाळ करत नाही. पालघरमधून २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अडलेली बाळं शोधतो, हे मोलाचं आहे. तरी त्यासाठी आधी कुणाच्या तरी नजरेला ते अडणं दिसावं लागतं, आणि ती नजर रोजच्या सहवासातून येते. कामाच्या जागी पाळणाघर मागणं ही म्हणूनच बायकांची सवलत नाही, बाळाच्या बसण्या-बोलण्याची ती सोय आहे.

इतक्या बोलण्यात एक माणूस अजून आलाच नाही. सुरुवातीला ज्याचं नाव निघालं, दीड वर्षापर्यंत भिंत न सोडणारा तो मुलगा, आता या बाळाचा बाप आहे. आजच्या खिडकीने मोजलं तर तो अगदी कडेला होता आणि डॉक्टरांना दाखवायला हवा होता. तो ठीक निघाला हे घराचं सुदैव. माता व बाल संरक्षण कार्डावर टप्प्यांची चित्रं आहेत, आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला येऊन विचारतात, पण उत्तरं द्यायला तो बहुधा घरी नसतो. संध्याकाळी तो आला की सतरंजी अंथरून बाळाला पालथं घालता येईल, आणि बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर यायला त्यालाही शेजारी पालथं पडावं लागेल. मान किती वेळ उचलली, कुठल्या हाताने वाटी ओढली, हाकेला वळलं का, हे मग त्यालाही सांगता येईल.

"आई, मालीश करताना याचा डावा पाय कसा लागतो हो तुमच्या हाताला?"

"सारखाच लागतो दोन्ही. पण बघ, त्या कार्डात नवव्या महिन्याचं काय लिहिलंय ते वाच जरा मोठ्याने. आणि त्यालाही बोलाव आतून."